'नाही' आणि 'नव्हे' : सीमाभागातील नकाररूपे व शालेय व्याकरणाची मर्यादा

प्रास्ताविक

बीदर आणि गुलबर्गा (२०१४ पासून कलबुर्गी) हे जिल्हे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हैदराबाद राज्यात होते. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांत मराठी, कन्नड आणि दखनी उर्दू या तिन्ही भाषा एकाच बाजारात कानी पडतात. उर्दू माध्यमाचा विद्यार्थी येथे मराठी लिहू लागला की 'नव्हे'च्या जागी 'नाही' लिहितो. ही चूक उर्दूच्या वळणाची मानून गुण कापले जातात. हे निदान कितपत बरोबर आहे, याचा विचार करणे आवश्यक आहे.

दोन प्रकारचे नकार

'तो घरी नाही' या वाक्यात अस्तित्वाचा नकार आहे, तर 'हा तो माणूस नव्हे' यात ओळखीचा. पहिल्याचे होकारी रूप 'आहे', दुसऱ्याचे 'होय'. कन्नडमध्ये हाच भेद 'इल्ल' आणि 'अल्ल' या शब्दांनी दाखवतात. 'इदु नम्म मने' (हे आमचे घर) या कन्नड वाक्यात 'आहे'सारखा शब्दच नसतो. पण नकार करताना 'अल्ल' म्हणावेच लागते. म्हणजे होकारात न दिसणारा संबंध नकारात उघड होतो. दूरच्या आयरिश भाषेतही अशीच व्यवस्था आहे. तेथे ओळख सांगणाऱ्या 'इस'चा नकार 'नी' होतो आणि स्थिती सांगणाऱ्या 'ता'चा 'नील'. आयरिश व्याकरणे या दोन्हींची रूपे स्वतंत्रपणे शिकवतात.

दखनीत मात्र दोन्ही ठिकाणी 'नईं' चालते : 'वो घर में नईं', 'वो मास्टर नईं'. प्रमाण उर्दूतही 'नहीं' एकच. एवढ्यावरून दोष उर्दूचा, असे वरवर पाहता वाटते.

'नको' स्वीकारला, 'नव्हे' नाही

पण दखनी शेजारच्या भाषांकडून नकार घेतच नाही, असे म्हणता येत नाही. 'नक्को' हा तिचा ठळक शब्द मराठी 'नको'वरून आला आहे. 'मला चहा नको' आणि 'तू जाऊ नको' या दोन्ही कामांसाठी मराठीत एकच शब्द आहे. कन्नडमध्ये 'बेड' हीच दोन्ही कामे करतो. प्रमाण उर्दूत मात्र 'नहीं चाहिए' आणि 'मत' असे वेगळे शब्द लागतात. दोन्ही शेजारी भाषांत जे अनिवार्य होते, ते दखनीने घेतले.

'नव्हे'ची स्थिती तशी नाही. 'तो शिक्षक नव्हे' याऐवजी 'तो शिक्षक नाही' हे वाक्य मराठी भाषकही सहज बोलतो. भूतकाळात तर भेदच उरत नाही : 'तो घरी नव्हता', 'तो शिक्षक नव्हता'. भविष्यात दोन्हीकडे 'नसेल'. जो भेद मराठीने वर्तमानकाळापुरता आणि तोही बराचसा ऐच्छिक ठेवला आहे, तो दखनीने उचलला नाही यात नवल नाही. वृत्तपत्रांच्या मराठीतही 'केवळ… नव्हे तर'च्या जागी 'केवळ… नाही, तर' सर्रास दिसते. तेथे उर्दूला जबाबदार धरता येत नाही.

व्याकरणपुस्तकांची उणीव

दादोबा पांडुरंग (१८३६) आणि मोरो केशव दामले (१९११) यांच्या परंपरेतले व्याकरण प्रमाण मराठीसाठी रचलेले आहे. सीमाभाग हा त्याचा विषय नव्हता. शालेय पुस्तकांची अडचण वेगळी आहे. त्यांत नकार येतो तो मुख्यतः वाक्यरूपांतराच्या प्रश्नात : 'तो हुशार आहे' याचे अर्थ न बदलता 'तो मठ्ठ नाही' करा. या सरावात शब्द उलटवला जातो, पण कशाचा नकार होतो आहे हे विद्यार्थ्याला कळत नाही. त्यामुळे 'तो केवळ कवी नाहीतर सूफी होता' असे वाक्य लिहिले जाते आणि 'नाहीतर'मुळे 'अन्यथा' असा भलताच अर्थ निघतो. येथे दुरुस्ती हवीच. मात्र 'तो शिक्षक नाही' या वाक्याला त्याच मापाने चूक ठरवणे अन्यायाचे आहे.

जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये सांगली जिल्ह्यातील कुपवाडच्या भाषांविषयी लिहिताना दाखवले, की तेथील कन्नड 'हे आमचे घर आहे' या धर्तीच्या वाक्यात मराठी-उर्दूप्रमाणे क्रियापद वापरते. भाषा अशा एकमेकींजवळ येतात. तेथे कन्नड बदलली म्हणून ती बिघडली, असे त्या अभ्यासकांनी मानले नाही. तोच न्याय दखनी भाषकाच्या मराठीला मिळायला हवा.

निष्कर्ष

अर्थ बिघडवणारी चूक आणि मराठीतच मान्य असलेला पर्याय यांत तपासणाऱ्याने फरक केला पाहिजे. सीमाभागातील वर्गात 'इल्ल-अल्ल', 'नाही-नव्हे' आणि 'नईं' एकाच फळ्यावर मांडले, तर विद्यार्थ्याला घरची भाषा लपवावी न लागता मराठीतील भेद समजेल. उर्दू आणि कन्नड शाळांतील मराठी शिक्षकांना हे काम आजही करता येण्याजोगे आहे.