शेजारी असतानाची गोष्ट

ड्रीमवर्क्सचा 'द क्रूड्स' हा चित्रपट 2013 साली आला. त्याच्या सुरुवातीलाच एप ही आदिमानवाची मुलगी शेजाऱ्यांचा हिशेब मांडते. एक कुटुंब मॅमथखाली चिरडले गेले, एकाला वाळूतल्या सापाने गिळले, एक डास चावून संपले, तर एक नुसत्या सर्दीने. उरले ते क्रूड. या यादीवर हशा पिकतो आणि चित्रपट पुढे सरकतो.

'डॉन ऑफ द क्रूड्स' ही मालिका या यादीच्या आधीची. नेटफ्लिक्सवर 24 डिसेंबर 2015 ला ती सुरू झाली आणि 2017 पर्यंत तिचे 52 भाग झाले. चित्रपटातले झगमगते त्रिमितीय चित्रण इथे नाही, साधी सपाट चित्रे आहेत. मला ती अधिक आवडली. गुहेतले कुटुंब एका खोऱ्यात इतर माणसांबरोबर राहते. तिथे पहिली शाळा भरते, मुले पहिल्यांदाच दुसऱ्याच्या घरी मुक्कामाला जातात. 1960 च्या 'फ्लिंटस्टोन्स'ची ही जुनीच युक्ती: आजचा अमेरिकी मोहल्ला घ्यायचा आणि त्याला कातडी नेसवायची. दगडी युगाविषयी त्यातून काही कळत नाही. ज्या मांजरेच्या काठी लातूर जिल्ह्यात प्राचीन हत्तींचे जीवाश्म निघाले, त्या काठावरच्या मुलाने त्यासाठी दुसरीकडे पाहावे.

माझी खरी तक्रार बापाविषयी आहे. चित्रपटातला ग्रग भित्रा वाटतो, पण त्याच्या भीतीला आधार आहे. भोवतालचे सगळे गेले आणि याने आपली माणसे गुहेच्या तोंडाशी शिळा लावून जगवली. असा बाप नांदेडच्या देगलूर नाक्यावर किंवा लातूरच्या कुठल्याही गल्लीत भेटेल. शहरात जरा काही कुजबूज झाली की तो आधी कडी लावतो. मगरिबच्या आत पोरगी घरात हवी, कॉलेज असो की क्लास. एपची तगमग आपल्या मुलींना समजावून सांगावी लागत नाही. मालिकेत मात्र एपला मैत्रिणी आहेत, शाळा आहे, खोरे गजबजलेले आहे. मग ग्रगची भीती ही नुसती खोड उरते, दर भागात हसण्यापुरती. ज्या मृत्यूंनी त्याला तसा घडवला ते अजून घडायचे आहेत, आणि लेखकांना त्यांची चाहूलही नको आहे.

आधीची गोष्ट सांगताना शेवट ठाऊक असलेला श्रोता समोर असतो, ही या प्रकारातली खरी अडचण आणि खरी ताकदही. आपल्या भागाला हे नवे नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, चार वाजायच्या सुमारास, किल्लारी-सास्तूर परिसर हादरला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेले, माणसे दमून झोपलेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाचा भार अंगावर आला. सुमारे दहा हजार माणसे गेली. पुढे 52 गावे नव्या जागी वसवली गेली. घरे मिळाली ती जमिनीच्या हिशेबाने: 250, 400 किंवा 750 चौरस फुटांची. त्यामुळे जे वाचले त्यांचाही शेजार मोडला. एका बोळात भिंतीला भिंत लावून राहिलेली, शिरखुर्मा आणि पुरणपोळीची ताटे इकडून तिकडे करणारी माणसे वेगवेगळ्या रांगांत गेली.

या भागातली वडीलधारी माणसे जुन्या गावाच्या गोष्टी सांगतात तेव्हा त्यांतही विनोदच जास्त असतो. कुणाची म्हैस वेशीत अडकली, कुणाच्या लग्नात आचारी पळाला. भूकंपाचा उच्चारही होत नाही. पण सांगणारा एखाद्या नावापाशी किंचित थांबतो आणि पुढे जातो. 'डॉन ऑफ द क्रूड्स'मध्ये तो थांबा नाही. विनोद चांगले आहेत, आजीचे तर फारच. सासू-जावयाची चकमक कुठल्याही युगात चालते. मुलांनी ती जरूर पाहावी. मात्र मालिका आधी दाखवून चित्रपट नंतर दाखवावा. मग एप शेजाऱ्यांची ती यादी वाचू लागेल तेव्हा मुले हसतात का, हे पाहण्यासारखे आहे.