गोळी लागलेले हेलिकॉप्टर आणि त्यातली माणसे

१४ नोव्हेंबर २००८ रोजी छत्तीसगडमध्ये विधानसभेचे मतदान आटोपले आणि बीजापूर जिल्ह्यातल्या पेडिया गावाजवळून मतदान कर्मचाऱ्यांना घेऊन निघालेल्या हवाई दलाच्या हेलिकॉप्टरवर माओवाद्यांनी गोळ्या झाडल्या. हेलिकॉप्टर पडले नाही. वैमानिकांनी ते परत आणले. आतले फ्लाइट इंजिनिअर सार्जंट मुस्तफा अली मात्र त्या गोळीबारात गेले. साध्या बंदुकीने लष्करी विमान पडते का, हा प्रश्न आपल्याकडे नेहमी विचारला जातो. हेलिकॉप्टर वाचले आणि आतला माणूस गेला, अशा घटनेपुढे तो प्रश्न अपुरा ठरतो.

आम्हा हैदराबादकरांना हा विषय परका नाही. हिमायतनगरहून उत्तरेला गेले की हकीमपेट, जिथे हवाई दलाचे वैमानिक हेलिकॉप्टर उडवायला शिकतात. दक्षिणेला कंचनबाग, जिथे संरक्षण धातुकर्म संशोधन प्रयोगशाळा आणि मिश्र धातु निगम शेजारी शेजारी आहेत. अर्जुन रणगाड्याच्या ‘कांचन’ चिलखताचे नाव या कंचनबागवरूनच पडले. उडणारा आणि त्याला वाचवणारा पत्रा, दोघेही याच शहरात घडतात. म्हणून या विद्येची आजची स्थिती तपासताना मी जरा जास्तच अपेक्षा ठेवतो.

जेट विमानांपुरते उत्तर सोपे आहे. ती उंचावरून, वेगाने जातात, आणि दुरून मारा करणारी अस्त्रे आल्यापासून रायफलच्या टप्प्यात उतरण्याची त्यांना फारशी गरजच उरलेली नाही. हेलिकॉप्टरचे तसे नाही. माणूस चढवायचा-उतरवायचा तर त्याला जमिनीला टेकावे लागते, आणि टेकण्याआधीची ती दोन-तीन मिनिटे ते संथ, मोठे आणि सरळ समोर असते. कलाश्निकोव्हची गोळी सेकंदाला सातशे मीटरहून अधिक वेगाने सुटते. त्या वेळी पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा तिला अडवत नाही. पण भोक पडले म्हणजे हेलिकॉप्टर पडले असेही नव्हे. गोळी रिकाम्या जागेतून आरपार गेली तर उड्डाण चालूच राहते. तीच गिअरबॉक्सचे तेल सांडवून गेली, शेपटीच्या पंख्याकडे जाणारा दांडा तोडून गेली किंवा वैमानिकाला लागली, तर खेळ संपतो.

अमेरिकनांनी हे व्हिएतनाममध्ये शिकून घेतले, आणि फार मोठी किंमत देऊन. २ जानेवारी १९६३ रोजी आप बाकच्या लढाईत त्यांच्या १५ हेलिकॉप्टरांपैकी १४ ना गोळ्या लागल्या, ५ गमावली गेली. संपूर्ण युद्धात, अपघात धरून, सुमारे ५,००० हेलिकॉप्टरे गेली. त्या भोकांची त्यांनी नोंद ठेवली, आणि त्या नोंदींतून १९७९ मध्ये सेवेत आलेले ब्लॅक हॉक घडले: तेल संपल्यावरही अर्धा तास चालणारा गिअरबॉक्स, दुहेरी यंत्रणा, गोळी लागली तरी न फुटणाऱ्या टाक्या. परत आलेल्या विमानांवर जिथे भोके नाहीत तिथेच चिलखत लावा, कारण तिथे गोळी लागलेली विमाने परतलीच नाहीत, हे गणित दुसऱ्या महायुद्धात मांडणारे अब्राहम वाल्ड १९५० च्या डिसेंबरात व्याख्यानांसाठी भारतात आले असताना निलगिरीत विमान अपघातात वारले. त्यांच्या पद्धतीचा पाया म्हणजे नोंद. आपल्याकडे ती असेलही, पण अभ्यासकांसमोर येत नाही, आणि माझा पहिला आक्षेप हाच आहे.

नोंदीला विषय भरपूर आहेत. ऑगस्ट १९६० मध्ये नागा टेकड्यांत, पुर्र येथे वेढ्यात सापडलेल्या आसाम रायफल्सच्या ठाण्याला रसद टाकायला गेलेले डाकोटा विमान बंडखोरांच्या गोळ्यांनी जखमी होऊन खाली उतरले. त्यातल्या काही जणांना दीड वर्षाहून अधिक काळ कैदेत राहावे लागले. ऑक्टोबर १९८७ मध्ये श्रीलंकेतल्या जाफना विद्यापीठाच्या मैदानावर रात्री एमआय-८ हेलिकॉप्टरे सैनिक उतरवत होती. एलटीटीईच्या माऱ्याने ती चाळणी झाली, तरी परतली. पुढच्या फेऱ्या मात्र थांबल्या. शीख लाइट इन्फन्ट्रीचे जे ३० जवान आधीच उतरले होते, त्यांच्या मदतीला कोणी येऊ शकले नाही, आणि त्यांपैकी २९ मारले गेले. हेलिकॉप्टरांचे नुकसान मोजले तर ही मोहीम बरी निभावली असे दिसेल. इराकमध्ये करबलाजवळ मार्च २००३ मध्ये अपाची हेलिकॉप्टरांचे असेच झाले: एक खाली गेले, बहुतेक बाकीची भोके घेऊन परतली, हल्ला फसला. हलक्या शस्त्रांचा खरा मारा असा असतो. ती यंत्र पाडोत न पाडोत, पुढची फेरी रोखतात.

१८ जानेवारी २०१३ ला सुकमा जिल्ह्यात तेच दिसले. जखमी पोलिसांना आणायला गेलेले एमआय-१७ गोळ्या लागून जंगलात उतरवावे लागले. हवाई दलाचे कर्मचारी चालत सुरक्षा दलाच्या छावणीकडे गेले आणि छत्तीसगड पोलिसांचा जखमी वायरलेस ऑपरेटर हेलिकॉप्टरमध्येच राहिला. त्यावर पुष्कळ वाद झाला. मला त्या वादापेक्षा केबिन महत्त्वाची वाटते. एमआय-१७ मध्ये वैमानिकांभोवती चिलखती पत्रे असतात. मागे बाकावर बसलेला ऑपरेटर, स्ट्रेचरवरचा जवान किंवा मतदान यंत्र सांभाळणारा शिक्षक यांच्या वाट्याला ते सहसा येत नाहीत.

यामागे वजनाचा हिशेब आहे. सात मिलिमीटर पोलादी पत्रा चौरस मीटरला सुमारे ५५ किलो भरतो. टायटॅनियमची घनता पोलादाच्या साठ टक्क्यांच्या आसपास, बोरॉन कार्बाइडची तर एक तृतीयांशच. मे महिन्यात बस्तरची हवा विरळ होते, हेलिकॉप्टरची उचल घटते, आणि प्रत्येक पत्र्यामागे एक जवान कमी न्यावा लागतो. हे मान्य. पण अमेरिकेच्या ए-१० विमानात एका वैमानिकाभोवती सुमारे ५४० किलो टायटॅनियम बसवले गेले, म्हणजे कोणाला वाचवायचे ते आधी ठरते आणि वजन मग जमवले जाते. आपल्याकडेही प्रचंडसारख्या लढाऊ हेलिकॉप्टराला चिलखत आराखड्यातच मिळाले. माणसे वाहणाऱ्याला ते उरलेल्या वजनातून मिळते, आणि शत्रूसमोर जमिनीला रोज टेकते ते हेच.

गडचिरोलीत आजही दुर्गम केंद्रांवर मतदान पथके हेलिकॉप्टरने जातात, जखमी जवान त्यानेच नागपूरला येतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा वरिष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल याने तिथे साथीदारांसह शस्त्रे ठेवली. गोळीबार ओसरतो आहे ही मोठी समाधानाची गोष्ट. पण बंदुका थंडावल्या की फायली बंद होतात, याची मला चिंता आहे. एमआय-१७ ची जागा घेण्यासाठी एचएएलने आखलेले १३ टनी बहुउद्देशीय हेलिकॉप्टर अजून घडायचे आहे. त्याच्या केबिनच्या मजल्याखाली आणि बाकांच्या मागे हलक्या चिलखतासाठी वजन आजच राखून ठेवता येईल. ते काम कंचनबागेला मागितले तर येणारच नाही, असे मला वाटत नाही.