सुनीत थेरांचा ‘मी’

थेरगाथेच्या द्वादसकनिपातात सीलव आणि सुनीत अशा दोनच थेरांच्या गाथा आहेत. त्यांपैकी सुनीत आपल्या वाचकांना ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथामुळे परिचित आहेत. राजगृहात रस्ता झाडणारा सुनीत. तथागत येताना पाहून लपायला जागा न सापडल्याने भिंतीला चिकटून, हात जोडून उभा राहिलेला. आणि तथागतांनीच जवळ येऊन प्रव्रज्येविषयी विचारलेला. वर्षावासातील प्रवचनांतून आपण हेच चित्र ऐकतो. परंतु हे चित्र मूळ गाथांतील नाही. ते अनेक शतकांनंतर आचार्य धम्मपालांनी लिहिलेल्या अट्ठकथेतील आहे. गाथांतील सुनीत निराळा आहे.

गाथांत सुनीत स्वतः बोलतात. आपण नीच मानलेल्या कुळात जन्मलो, दरिद्री होतो, कोमेजलेली फुले काढून टाकण्याचे काम करीत होतो (मूळ शब्द ‘पुप्फछड्डक’), लोक आपली किळस करीत, असे ते सांगतात. पुढचे विधान अधिक महत्त्वाचे आहे. आपण मन खाली घालून पुष्कळ जनांना वंदन करीत होतो, असे ते म्हणतात. मस्तक नव्हे, मन. अवहेलना बाहेरून होते, पण ती अंगवळणी पडली की माणूस स्वतःच स्वतःला वाकवू लागतो, ही जाण येथे व्यक्त झाली आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते आत्मभानाचा इतका नेमका उच्चार पालि वाङ्मयात विरळा.

आता श्रद्धेचा प्रश्न. ‘सद्धा’ हा शब्द या गाथांत येत नाही. एक कृती येते. भिक्खुसंघासह नगरात प्रवेश करणारे सम्बुद्ध दिसताच सुनीत खांद्यावरची कावड खाली ठेवतात आणि वंदनासाठी पुढे जातात. शास्ता थांबतात, आणि प्रव्रज्येची याचना सुनीत करतात. अट्ठकथेत मात्र ते भिंतीकडे सरकतात आणि विचारणा तथागत करतात. तथागतांची करुणा दोन्हीकडे आहे, पण पुढाकाराची जागा बदलली आहे. अर्थात भिंतीच्या प्रसंगातून अस्पृश्यतेचे वास्तव प्रत्ययकारी होते, आणि बाबासाहेबांच्या निवेदनात तो प्रसंग यथार्थच आहे. तथापि कावड खाली ठेवणारा हात त्यामुळे झाकला जाऊ नये.

अट्ठकथा आणखी एक गोष्ट जोडते. पूर्वजन्मी एका पच्चेकबुद्धाला हिणवल्यामुळे सुनीतांना हे कुळ लाभले, असे ती सांगते. बाबासाहेबांनी ही भर स्वीकारली नाही, याचे कारण वाचकांस सांगावयास नको. येथे एक अडचण मात्र प्रामाणिकपणे नोंदविली पाहिजे. रात्रीच्या पहिल्या प्रहरी पूर्वजन्मांचे स्मरण झाले, असे सुनीत स्वतः म्हणतात. ती ओळ वगळून चालणार नाही. पण ते स्मरण सांगूनही आपल्या हीन स्थितीचे कारण त्यांनी तेथे शोधलेले नाही. लोक आपला तिरस्कार करीत, एवढेच ते सांगतात. दोष पूर्वकर्माच्या माथी मारीत नाहीत. हे मौन अट्ठकथाकारांना सोसवले नाही.

गाथांची रचनाही पाहण्याजोगी आहे. आरंभी बहुजनांना वंदन करणाऱ्या सुनीतांपुढे सूर्योदयी इंद्र आणि ब्रह्मा हात जोडतात. तथागतांच्या सोबत भिक्खुसंघ होता, तेथे ‘पुरक्खत’ हे पद आले. तेच पद देवसंघाच्या संदर्भात सुनीतांसाठी येते. हा योगायोग नव्हे.

असे उच्चार का होतात? ‘उदान’ या शब्दाचे विवरण करताना अट्ठकथाकारांनी उपमा दिली आहे ती भरलेल्या मापातून ओसंडणाऱ्या तेलाची. हृदयात न मावणारा प्रीतीचा वेग वाणीवाटे बाहेर पडतो. या गाथा सुनीतांनी लिहिल्या नाहीत. त्या भाणकांनी मुखोद्गत राखल्या आणि परंपरेनुसार त्रिपिटकाबरोबर इ. स. पूर्व पहिल्या शतकात, वट्टगामणी राजाच्या काळी लंकेत ग्रंथारूढ झाल्या. त्यांतील शब्द न् शब्द सुनीतांचाच, असे सिद्ध करता येणार नाही. तरीही संघाने हा ‘मी’ पुसून ‘तो’ केला नाही, हे लक्षणीय आहे.

दया पवारांच्या ‘बलुतं’ (1978) पासून बहरलेल्या दलित आत्मकथनांचे मूळ थेट येथे दाखविण्याचा मोह काहींना होतो. तो आवरावा. सुनीत कावड ठेवून झाल्यावर बोलत आहेत. आपले बहुतेक आत्मकथनकार ती खांद्यावर असतानाच लिहीत होते.