टाकणखाराची लाही आणि विश्वकोशाची खनिज-परिभाषा

टिंकॅल्कोनाइट हे पांढऱ्या भुकटीच्या रूपात आढळणारे एक विरळ बोरेट खनिज होय. कॅलिफोर्नियातील नमुन्यांवरून १८७८ मध्ये त्याचे नामकरण झाले. नावाचा उत्तरार्ध ‘धूळ’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घेतलेला आहे. पूर्वार्धातील ‘टिंकल’ मात्र संस्कृत ‘टंकण’ या शब्दाचेच फारसीमार्गे युरोपात पोहोचलेले रूप मानले जाते. रत्नागिरीतील सोनार दागिन्याचा सांधा जोडताना जो टाकणखार किंवा सवागी वापरतो, त्याचेच हे दूरचे नातलग.

तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली १९७६ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या मराठी विश्वकोशातील खनिजविषयक नोंदी या संदर्भात तपासण्याजोग्या आहेत. ‘एकनताक्ष’, ‘पाटन’, ‘कठिनता’ ही परिभाषा काटेकोर आहे. परंतु ‘एकनताक्ष’ हा शब्द वाचून विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे स्फटिक उभा राहत नाही. याउलट खनिज घासल्यावर उमटणाऱ्या रेघेच्या रंगासाठी योजलेला ‘कस’ हा शब्द थेट सोनाराच्या कसोटीच्या दगडावरून आलेला आहे. तो समजावून सांगावा लागत नाही. संपूर्ण परिभाषेत इतका समर्पक शब्द क्वचितच सापडेल.

हीच दृष्टी ‘निर्जलीकरणा’च्या बाबतीत मात्र राखली गेली नाही. टाकणखाराच्या सूत्रात पाण्याचे दहा रेणू असतात. तो तव्यावर तापविला की हे पाणी निघून जाते, क्षार फुगतो आणि पांढरा, हलका होतो. वैद्यकात व घरोघरी यालाच ‘लाही’ म्हणतात. कोरड्या हवेत हेच स्फटिक निम्मे पाणी गमावून टिंकॅल्कोनाइटमध्ये रूपांतरित होतात. रत्नागिरीच्या दमट हवेत हा बदल सहजी घडत नाही. त्यामुळे येथील प्राध्यापकास तो बरणीत दाखविणे कठीण, लाही मात्र दिव्यावर सहज दाखविता येते.

लोकशब्दांची मर्यादाही नाकारता येणार नाही. बाजारात टाकणखार म्हटले की त्यात पाणी दहा रेणू की पाच, हे कोणी विचारत नाही. म्हणून टिंकॅल्कोनाइटला टाकणखार म्हणणे शास्त्रदृष्ट्या चूकच ठरेल. आक्षेप नव्या संज्ञा घडविण्यास नाही, जुने शब्द नोंदीबाहेर ठेवण्यास आहे. तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यातील पोंभुर्ले येथे जन्मलेल्या बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ मासिक काढून शास्त्रीय विषय मराठीत आणले, तेव्हा त्यांच्यापुढे तयार परिभाषाकोश नव्हता. विश्वकोशकारांपुढे संस्कृत धातूंचे भांडार होते आणि सराफकट्टाही होता. ‘कस’ त्यांनी तेथूनच उचलला. शेजारची सवागी आणि लाही मात्र तशीच राहिली.