‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे किती?

मे महिन्यात पुण्यासाठी ‘तुरळक ठिकाणी गडगडाटासह पाऊस’ असा अंदाज येतो. कोथरूडमध्ये धो धो कोसळतो, हडपसर कोरडं. आपण म्हणतो, वेधशाळेचं काही खरं नाही! पण तुम्ही संशोधनाला निघालाय, तर आधी शब्द तपासा. ‘तुरळक’ म्हणजे हलका पाऊस नव्हे. जास्तीत जास्त 25 टक्के केंद्रांवर पाऊस. मीही पहिल्या प्रस्तावात एकाच पर्जन्यमापकावरून अंदाज चुकीचा ठरवला होता. गाइडनी तो तिथेच निकालात काढला.

ढगाकडेच बघा ना. जमीन तापते, हवा वर चढते, वरच्या कमी दाबात प्रसरण पावते आणि दर किलोमीटरला साधारण 10 अंशांनी थंड होते. मग धूळ-मिठाच्या कणांवर बाष्प थेंब धरतं. असा एखादा ढग काही किलोमीटरच रुंद असतो. 12 किलोमीटर जाळीच्या मॉडेलला तो सुटा दिसतच नाही.

माझी खरी तक्रार अंदाज पोचवणाऱ्यांबद्दल आहे. बातमीत ही टक्केवारी क्वचितच सापडते. ॲपवर तर नुसतं ढगाचं चित्र. व्याप्ती, जोर, शक्यता, सगळं त्यातच कोंबलेलं. त्याची पडताळणी करणार तरी कशी?