‘फुलाके’ आणि ‘प्रहर’ : नव्या करारातील एका रात्रवाचक शब्दाचा विचार

ग्रीक नव्या करारात रात्रीच्या विभागासाठी ‘फुलाके’ हा शब्द येतो. मराठी बायबलात त्याला ‘प्रहर’ हा प्रतिशब्द रूढ झाला आहे. तो कितपत यथार्थ आहे, हे पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

‘फुलाके’चा मूळ अर्थ कालवाचक नाही. ‘फुलास्सो’ म्हणजे राखणे. त्यावरून ‘फुलाके’ म्हणजे पहारा, आणि पुढे बंदिवासही. मत्तयाच्या एकाच अध्यायात योहानाचा तुरुंग (१४:३) आणि रात्रीचा चौथा विभाग (१४:२५) या दोहोंसाठी हाच शब्द योजिला आहे. पहारेकऱ्यांच्या पाळ्यांनी रात्र मोजली गेली व पाळीचे नाव काळाला मिळाले.

‘प्रहर’ शब्दाचा प्रवास नेमका याच्या उलट आहे. ‘प्र’ + ‘हृ’ म्हणजे आघात करणे. घंटेवरील टोल्यावरून त्या टोल्याने मोजलेला काळ, आणि त्या काळावरून ‘पहारा’. ग्रीक भाषा राखणीकडून काळाकडे गेली, मराठी काळाकडून राखणीकडे आली.

शुभवर्तमानांपुरते पाहता ‘प्रहर’ हा शब्द सुदैवाने चपखल बसतो. रोमन पद्धतीत रात्रीचे चार पहारे असत. मार्क १३:३५ मध्ये सायंकाळ, मध्यरात्र, कोंबडा आरवण्याची वेळ आणि सकाळ असे चारही निर्देशिले आहेत. आपल्याकडेही रात्रीचे प्रहर चारच. परंतु जुन्या करारातील इब्री गणना तीन पहाऱ्यांची आहे. शास्ते ७:१९ मध्ये ‘मधल्या’ पहाऱ्याचा उल्लेख आहे व प्राचीन ग्रीक भाषांतराने तेथेही ‘फुलाके’च योजिला आहे. तेथे ‘मधला प्रहर’ म्हटल्यास वाचक अडखळतो, कारण चारांत मधला कोणता?

दुसरा आक्षेप अधिक महत्त्वाचा आहे. लूक १२:३८ मधील धनी दुसऱ्या किंवा तिसऱ्या पहाऱ्याला येतो, आणि प्रश्न असतो तो दास जागे आहेत की नाहीत, हा. ‘प्रहर’ केवळ वेळ सांगतो, जागण्याची जबाबदारी सांगत नाही. लूक २:८ मध्ये तर मेंढपाळ रात्री कळप राखीत आहेत. तेथे ‘फुलाके’चा अर्थ राखण हाच, आणि ‘प्रहर’ चालणारच नाही.

या अर्थासाठी मराठीला शब्द उसने आणावे लागत नाहीत. आज नंदुरबार जिल्ह्यात मोडणाऱ्या जुन्या खानदेशच्या मुलखात गावचा रात्रपहारा करणारा ‘जागल्या’ बहुधा भिल्ल असे. ते पद आता उरलेले नाही. तथापि ‘जागल’ आणि ‘राखण’ हे शब्द मराठीत आहेत, आणि रात्र व जागरण यांचा जो संयोग ‘फुलाके’त आहे तो ‘जागल’ या शब्दात जसाच्या तसा आढळतो.

एका मूळ शब्दाला सर्वत्र एकच प्रतिशब्द असावा, हा आग्रह अभ्यासकाला सोयीचा असतो. परंतु ज्या शब्दाच्या अर्थाला तीन पदर आहेत त्याच्या बाबतीत तो आग्रह अर्थहानी करतो. म्हणून चार विभागांचा केवळ कालनिर्देश असेल तेथे ‘प्रहर’, तीन विभागांची गणना असेल किंवा जागे राहण्यावर भर असेल तेथे ‘पहारा’, आणि प्रत्यक्ष रक्षण असेल तेथे ‘राखण’ किंवा ‘जागल’, अशी विभागणी आम्हांस अधिक ग्राह्य वाटते. मूळ वाक्यात कोणी तरी जागे आहे, एवढे तरी मराठी वाचकास कळले पाहिजे.