गदा दिसते, डाव दिसत नाही

जयगडात कुस्ती नाही. शास्त्री नदीच्या मुखाशी किल्ला आहे, दीपगृह आहे, बंदर आहे, पलीकडे तवसाळला नेणारी फेरीबोट आहे. पाऊस सरला की वाडीवाडीत कबड्डीची मैदाने आखली जातात. पण घाटावर गावोगाव असते तशी तालीम, तिच्यातला ताक-तेल-हळद घालून मळलेल्या लाल मातीचा हौदा, हे आमच्याकडे नाही. त्यामुळे मला कुस्ती भेटली ती आंबा घाट उतरून येणाऱ्या वर्तमानपत्रातून, पुढे दूरचित्रवाणीवरून आणि आता मोबाइलच्या पडद्यावरून. कुस्तीच्या रसिकाला हा तोटाच वाटेल. पण माध्यमांनी कुस्तीचे काय केले हे तपासायचे असेल, तर ही जागा सोयीची आहे. कोल्हापूर-सांगलीचा वाचक बातमीत जे नसते ते मैदानावरच्या आठवणीतून भरून काढतो. माझ्याकडे भरून काढायला काही नाही. बातमीत जेवढी कुस्ती असेल तेवढीच माझ्यापर्यंत पोचते. अनेक वर्षे कात्रणे ठेवल्यावर माझे मत असे झाले आहे की पैलवान पोचतात, गदा पोचते, भांडणे पोचतात. कुस्ती मात्र वाटेतच राहते.

इथे कुस्ती म्हणजे मुख्यतः हौशी कुस्ती: वजनगटांत, वेळ लावून, गुणांवर खेळली जाणारी, जिच्या टोकाला ऑलिम्पिक आहे ती. जत्रेतली इनामी निकाली कुस्ती हा वेगळा आणि जुना प्रवाह. एकाची पाठ जमिनीला लागेपर्यंत ती चालते आणि तिचा निकाल कुणालाही समजतो. हौशी कुस्तीचे तसे नाही. पाठ न लागताही तिथे कुस्ती संपते. फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की पंच लढत थांबवतात. प्रतिस्पर्ध्याला खाली आणून ताबा घेतला तर दोन गुण. उभ्यानेच फेकून त्याची पाठ धोक्याच्या स्थितीत आणली तर चार. बाहेर ढकलले तर एक. पैलवान सहा मिनिटे हा हिशेब डोक्यात ठेवून लढतो, आणि तो ठाऊक नसलेल्या प्रेक्षकाला फक्त दोन माणसे एकमेकांना ढकलताना दिसतात.

आपल्या मथळ्यांची भाषा मात्र अजून जत्रेतच आहे. अमक्याने तमक्याला ‘अस्मान दाखवले’, ‘लोळवले’, ‘चारी मुंड्या चीत केले’. मजकुरात खाली उतरावे तर निकाल गुणांवर लागलेला असतो, कित्येकदा एकाच गुणाच्या फरकाने. म्हणजे कुणीही चीत झालेले नसते. हा केवळ अलंकाराचा दोष असता तर मी त्याची दखल घेतली नसती. क्रिकेटच्या बातमीत धावबाद झालेल्याला त्रिफळाचीत म्हटले, तर दुसऱ्या दिवशी संपादकांकडे पत्रांचा ढीग पडेल. कुस्तीच्या बातमीत तसे पत्र कुणी लिहीत नाही, कारण वाचकाला फरक कळेल अशी अपेक्षाच कुणी धरलेली नसते. आणि शब्दांची उणीव आहे म्हणावे, तर तेही खरे नाही. घिस्सा, ढाक, कलाजंग, मोळी, भारंदाज, एकेरी पट, दुहेरी पट, बाहेरची टांग, धोबीपछाड: एवढा नेमका शब्दसंग्रह मराठीत दुसऱ्या कोणत्या खेळाला आहे? तालमीतल्या पोराच्या तोंडी असलेले हे शब्द क्रीडापानापर्यंत येता येता गळून पडतात आणि उरतो तो एकटा ‘चितपट’.

दुसरी सवय गदेची. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद १९५३ साली स्थापन झाली आणि १९६१ला औरंगाबादेत पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. दिनकर दह्यारी पहिले मानकरी. तेव्हापासून मराठी वर्तमानपत्रांचे कुस्तीचे वर्ष या एका लढतीभोवती फिरते. गादी विभागाचा विजेता आणि माती विभागाचा विजेता समोरासमोर, शेवटी खांद्यावर चांदीची गदा आणि फेटा. चित्र देखणे आहे, यात शंका नाही. पण ही गदा वजनदार गटाची आहे. त्याच अधिवेशनात त्याच आखाड्यात इतर वजनगटांच्या लढती होतात, आणि त्यांची नावे बारीक टाइपात यादीसारखी येतात. बऱ्याचदा येतही नाहीत.

आता पदकांकडे पाहा. महाराष्ट्राच्या भारी वजनाच्या पैलवानांची कामगिरी लहान नाही. १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत गणपत आंदळकर आणि मारुती माने या दोघांनी प्रत्येकी एक सुवर्ण आणि एक रौप्य आणले. १९७४च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दादू चौगुले यांनी रौप्य मिळवले. पण महाराष्ट्राला कुस्तीतले एकमेव ऑलिम्पिक पदक मिळाले ते ५७ किलोच्या गटात, खाशाबा जाधवांमुळे. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याच्या राहुल आवारेने २०१८ला राष्ट्रकुल सुवर्ण जिंकले तेही ५७ किलोत. पुढच्या वर्षी जागतिक स्पर्धेतले कांस्य ६१ किलोत. २०२४ला पॅरिसमध्ये भारताला कुस्तीत मिळालेले एकुलते एक पदक, अमन सेहरावतचे, पुन्हा ५७ किलोचेच. नरसिंग यादवसारखा एखादा मल्ल सलग तीन वर्षे गदा जिंकतो आणि ७४ किलोत जागतिक पदकही आणतो. पण असे एखादेच. हलक्या वजनाच्या पोराला महाराष्ट्रात गदा मिळणे जवळपास अशक्य, आणि गदा नाही म्हणजे छायाचित्र नाही. छायाचित्र नाही म्हणजे मैदानाचे बोलावणे नाही, खुराकाला हातभार लावणारा कुणी नाही. वजन वाढवून ‘मोठा’ पैलवान होण्याचा मोह त्याला पडला, तर त्या मोहात क्रीडापानाचाही वाटा आहे.

खाशाबांच्या बाबतीत तर आपण तिसरी सवय लावून घेतली आहे, ती हळहळीची. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ला लंडनमध्ये सहावा आला. हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. २३ जुलै १९५२ रोजी खाशाबांनी कांस्य जिंकले आणि दुसऱ्याच दिवशी हॉकीचे सुवर्ण आले. वैयक्तिक ऑलिम्पिक पदकासाठी भारताला त्यानंतर १९९६पर्यंत थांबावे लागले. १९८४ला ते अपघातात गेले; अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. पद्म पुरस्कार आजही नाही. दर ऑलिम्पिकला हा लेख नव्याने छापला जातो आणि तो छापावाच. त्यातला अन्याय खरा आहे. पण कात्रणे एकत्र ठेवून वाचताना मला एक गोष्ट खटकली. घर, गहाणखत, बैलगाड्यांची मिरवणूक, न मिळालेला पुरस्कार हे सगळे असते. खाशाबा कुस्ती कशी खेळत, हे शोधावे लागते. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. मातीत वाढलेला हा माणूस गादीवर कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवत पुढे गेला. जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत मल्ल यांच्यासमोर त्यांना लागोपाठ उभे केले गेले. मधल्या विश्रांतीचा हक्क मागायला भारताचा कुणी अधिकारी तिथे नव्हता, असे सांगितले जाते. म्हणजे त्यांची उपेक्षा आणि त्यांची कुस्ती यांचा सांधा नियमाच्या ज्ञानात आहे. तो सांधा निसटला की गोष्ट फक्त करुण उरते. महाराष्ट्राने १५ जानेवारी, त्यांचा जन्मदिवस, राज्य क्रीडा दिन केला. त्या दिवशी शाळाशाळांत त्यांच्या तसबिरीला हार पडतात. तो हार घालणाऱ्या किती मुलांना ढाक म्हणजे काय हे सांगता येईल?

नियम न सांगण्याची किंमत अलीकडे आपण उघड मोजली. जानेवारी २०२३मध्ये पुण्यात माती विभागाच्या अंतिम लढतीत महेंद्र गायकवाडने सिकंदर शेखला बाहेरची टांग लावली आणि त्याला चार गुण मिळाले. प्रश्न तांत्रिक होता: सिकंदरची पाठ जमिनीशी नव्वद अंशांपेक्षा कमी कोन करून धोक्याच्या स्थितीत आली होती का? आली असेल तर चार, नाही तर दोन. चित्रफीत थांबवून, एक रेघ ओढून वाचकाला स्वतः ठरवू देण्यासारखा हा प्रश्न. प्रत्यक्षात आठवडाभर चर्चा झाली ती अन्यायाची, गटातटाची, आणि त्याहून वाईट म्हणजे जातिधर्माची. फेब्रुवारी २०२५मध्ये अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळविरुद्धच्या लढतीत शिवराज राक्षेला चीत ठरवले गेले, चित्रफीत पुन्हा तपासा ही मागणी मान्य झाली नाही, आणि त्याने पंचांना लाथ मारली. अंतिम लढत महेंद्रने अर्धवट सोडली. दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. लाथेची चित्रफीत माझ्या मोबाइलवर दिवसभर येत राहिली; खांदे खरोखर टेकले होते का, हे दाखवणारी एखादीच. त्याआधी नोव्हेंबर २०२३मध्ये संघटनांच्या वादातून दोन ठिकाणी दोन महाराष्ट्र केसरी झाले तेव्हाही दोन्ही बातम्या शेजारीशेजारी छापून आपण मोकळे झालो.

यावर पत्रकार मित्र म्हणतात की वाचकाला एवढे तांत्रिक नको असते. हे मला पटत नाही, आणि पुरावा ताजा आहे. ऑगस्ट २०२४मध्ये विनेश फोगाट शंभर ग्रॅम वजनाने अपात्र ठरली. दोन दिवसांत जयगडच्या जेटीवर मासळीच्या टोपल्यांशेजारी उभी असलेली माणसे दुसऱ्या दिवशीच्या वजनाचा नियम एकमेकांना समजावून सांगत होती. माध्यमांनी मनावर घेतले की नियम शिकवता येतो. दुःख एवढेच की आपण तो दुर्घटनेनंतर शिकलो. आदल्या दिवशी तिने जपानच्या युई सुसाकीला, जी तोवर आंतरराष्ट्रीय स्पर्धांत कुणाकडूनही हरली नव्हती, शेवटच्या काही सेकंदांत ३-२ने हरवले होते. ती लढत कशी जिंकली गेली, यावर मला फार थोडे वाचायला मिळाले. जंतरमंतरवरच्या आंदोलनाचेही तसेच. ते वार्तांकन आवश्यक होते. महिला मल्लांचे म्हणणे देशापुढे आले ते त्यामुळेच. पण रस्त्यावरून फरपटत नेली जाणारी साक्षी मलिक सर्वांना आठवते, आणि रिओत ०-५ने मागे असलेली, मग ८-५ने जिंकलेली साक्षी थोड्यांना.

कुस्ती समजली नाही तर काय होते, हे जगाने एकदा पाहिले आहे. १२ फेब्रुवारी २०१३ रोजी आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या कार्यकारी मंडळाने २०२०पासून कुस्ती वगळण्याची शिफारस केली. १८९६पासूनचा खेळ! तेव्हा तीन वेगवेगळ्या फेऱ्या असत. पहिली सहा गुणांनी जिंकून पुढच्या दोन एकेका गुणाने हरणारा मल्ल पराभूत ठरे. बरोबरी झाली तर पिशवीतून चेंडू काढून कौल लावला जाई. महासंघाचे अध्यक्ष बदलले, त्याच वर्षी नियम बदलले: तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, एकत्र मोजले जाणारे गुण, चेंडूचा कौल बंद. सप्टेंबरमध्ये ब्युनॉस आयर्सला कुस्ती परत आली. हे नियम प्रेक्षकासाठी बदलले गेले. आपण मात्र ‘कुस्ती हद्दपार’ आणि ‘कुस्ती परतली’ अशा दोन बातम्या वाचल्या. मधले स्पष्टीकरण फारसे कुणी दिले नाही.

उपाय परदेशातून आणायची गरज नाही. कोल्हापूरचे खासबाग मैदान १९१२ साली उभे राहिले ते चहूबाजूंच्या उतारावर बसलेल्या शेवटच्या माणसालाही हौदा दिसावा म्हणून. शाहू महाराजांनी दिसण्याची सोय केली. समजण्याची सोय निवेदकांनी केली. कोथळीच्या शंकर पुजारींसारख्या निवेदकाला ऐकावे. पैलवानाचे गाव, वस्ताद, पकड, हुकलेला डाव, त्याची तोड हे सगळे लढतीच्या वेगाने कानावर पडते. आता अशी मैदाने यूट्यूबवर थेट दिसतात, आणि मातीला हात न लावलेल्या मला डावांची नावे तिथेच कळली. जत्रेच्या कुस्तीला असा आवाज मिळाला. गादीवरच्या कुस्तीला तो अजून मिळायचा आहे. आमच्या कबड्डीचे उदाहरण समोर आहे. २०१४ला प्रो कबड्डी आली तेव्हा तीस सेकंदांची चढाई, बोनस, सुपर टॅकल हे सारे समालोचकांनी घराघरांत शिकवले. आज ऑलिम्पिकमध्ये नसलेला तो खेळ लोकांना कळतो, आणि पहिल्या ऑलिम्पिकपासून असलेली कुस्ती कळत नाही. २०१८ला झी टॉकीजवर कुस्ती दंगल झाली, पण अशा प्रयोगाला वर्षानुवर्षांचे सातत्य लागते.

मार्च २०२३मध्ये सांगलीत प्रतीक्षा बागडी पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली. मुलींच्या कुस्तीचे मराठी वार्तांकन आता कुठे सुरू होत आहे, त्यामुळे त्याला अजून जुन्या सवयी जडलेल्या नाहीत. ‘लेकीने मैदान मारले’ एवढ्यावर न थांबता तिने पट कसा काढला, प्रतिस्पर्धिनीने तो कसा परतवला, गुण केव्हा फिरले हे लिहिता येईल. हलक्या वजनगटांचेही तसेच. राज्य स्पर्धेच्या पानावर गदेच्या छायाचित्राखाली रोज एक लढत, ५७ किलोची, ५० किलोची, डावांच्या नावांसह, दोनशे शब्दांत. त्यासाठी पान वाढवावे लागत नाही, विशेष प्रतिनिधी नेमावा लागत नाही. लढत शेवटपर्यंत पाहणारा आणि शेजारी बसलेल्या वस्तादाला विचारणारा एक वार्ताहर पुरतो. ती बातमी मुरगूड किंवा पाटोद्याच्या तालमीतला हलक्या वजनाचा पोरगा कापून ठेवील, आणि वजन वाढवायच्या आधी एकदा विचार करील.